जुम्मनचा हौद

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उर्दूत कछुआ, मराठीत कासव. समुद्रातले, नदीतले, तळ्यातले आणि कोरड्या माळावरचे असे सगळे या एकाच शब्दात बसवले आहेत. इंग्रजीत पाण्यातल्याला टर्टल आणि जमिनीवरच्याला टॉर्टॉइज म्हणायची सोय आहे. आपल्याकडे ती नाही आणि एरवी तिच्यावाचून काही अडतही नाही. अडते ते घरात पिल्लू आल्यावर. जमिनीवरचे पिल्लू पाण्याच्या टबात सोडले तर ते बुडून मरते. पाण्यातले पिल्लू कोरड्या खोक्यात ठेवले तर त्याला घास गिळता येत नाही, कारण ते पाण्यात तोंड बुडवूनच गिळते. त्यामुळे घर कसे करावे याच्या आधी ‘हे आहे कोण?’ हे विचारावे लागते.

आमच्याकडे आले ते पाण्यातले होते. माझ्या नणंदेचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी रमजान ईदला तो आला तेव्हा त्याच्या हातात झाकणाला भोके पाडलेला प्लॅस्टिकचा डबा होता. आत प्लॅस्टिकचे नारळाचे झाड, दोन बोटे पाणी आणि जुन्या रुपयापेक्षा थोडे मोठे हिरवेगार पिल्लू. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा. त्याने ते दोन महिन्यांपूर्वी दुकानातून घेतले होते आणि आता तो दुसऱ्या खोलीवर राहायला जाणार होता. “मुमानी, आपके यहाँ तो आँगन है,” एवढे बोलून त्याने डबा माझ्या मुलीच्या हातात दिला. ती तेव्हा पाचवीत होती. तिने त्याचे नाव जुमुर्रद ठेवले, म्हणजे पाचू. घरात कुणाच्या जिभेला ते पेलले नाही. आठ दिवसांत त्याचा जुम्मन झाला.

जुम्मनचे डोळे सुजून मिटलेले होते आणि पाठीचे कवच बोटाने दाबले तर किंचित दबत होते. दुकानदाराने बरोबर दिलेल्या वाळलेल्या झिंग्यांच्या डबीवर त्याचे दोन महिने निघाले होते. आमच्या गावातल्या गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो, तर डॉक्टरांनी आधी चष्मा पुसला. “बाई, मी म्हशी-बकऱ्यांचा डॉक्टर,” ते म्हणाले. पण माणूस मोठा भला. त्यांनी तिथेच अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत शिकलेल्या एका मित्राला फोन लावला, आणि पंधरा मिनिटे दोघे बोलत राहिले. निदान सरळ होते. अ जीवनसत्त्व मिळाले नाही की या कासवांच्या पापण्या सुजतात, आणि डोळे मिटले की त्यांना खाणे दिसत नाही, म्हणून ती उपाशी राहतात. ऊन आणि चुना मिळाला नाही की कवच मऊ पडते. औषध दिले, ते थोडेच होते. बाकीचे सगळे काम घराने करायचे होते.

उन्हाचे थोडे सविस्तर सांगते, कारण बहुतेक पिल्ले इथेच मरतात. कासवाचे अंग आपल्यासारखे आतून तापत नाही. पोटातले अन्न पचायलाही त्याला बाहेरची ऊब लागते. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते, आणि त्यावाचून खाल्लेला चुना कवचात उतरत नाही. हे किरण काचेतून येत नाहीत. खिडकीच्या काचेआड ठेवलेले कासव उन्हात दिसते, पण त्याला हवे ते मिळत नाही. परदेशात यासाठी महागडे दिवे लावतात. आपल्या बुलढाण्यात ऊन फुकट आहे, पण ते जास्तच आहे. मे महिन्यात उघड्या अंगणात ठेवलेल्या उथळ टबातले पाणी दुपारी हाताला चटका देते. त्यात पिल्लू ठेवणे म्हणजे त्याला शिजवणे. तेव्हा नुसती उन्हाची जागा पुरत नाही. ऊन आणि सावली एकाच टबात हवी, आणि कुठे बसायचे ते त्याला ठरवता आले पाहिजे.

पहिले घर अगदी साधे केले. बाजारातून साठ लिटरचा रुंद टब आणला. एका बाजूला दोन विटा एकावर एक रचून वर खडबडीत फरशीचा तुकडा तिरपा टेकवला, म्हणजे चढून पूर्ण कोरडे बसता येईल. पाणी पाच-सहा बोटे. तळाशी काही टाकले नाही. दुकानात मिळणारे रंगीत बारीक खडे ही पिल्ले गिळतात आणि आतडे तुंबून मरतात. टबाच्या अर्ध्या भागावर कांद्याच्या चाळीला लावतात ती हिरवी जाळी बांधली आणि वरून लोखंडी जाळीचे झाकण ठेवले. कावळा, मांजर आणि आमच्या गल्लीतले मुंगूस या तिघांपासून राखण करायची होती. टब सकाळी सात ते दहा अंगणात आणि नंतर ओसरीत. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून बादली एक दिवस उघडी ठेवूनच पाणी टबात ओतायचे.

खाण्याचे सामान मात्र सगळे गावातच सापडले. एका शेतकऱ्याकडून अझोला आणला. गाईला घालायला म्हणून बरेच जण ते खड्ड्यात वाढवतात. जुम्मन त्यावर तुटून पडतो. शेजारच्या गांडूळखताच्या वाफ्यातून गांडुळे आणली. गाजर आणि लाल भोपळा किसून दिला. डोळ्यांना उतार पडला तो यानेच, असे मी मानते. चुन्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस पाण्यात तरंगत ठेवला. ही माकूळ नावाच्या समुद्री प्राण्याच्या पाठीतली चुन्याची ढलपी असते, आणि कासव ती कुरतडते. पाव, भात आणि बिस्किट बंद. हा नियम माझ्या धाकट्याला सगळ्यात जड गेला, त्याचे अर्धे बिस्किट नेहमी कुणासाठी तरी राखलेले असते. लहान असताना रोज, त्याच्या डोक्याएवढे अन्न. वर्षानंतर मासाहार कमी आणि पाला जास्त. अठरा दिवसांनी एक डोळा उघडला. दुसरा उघडायला आणखी आठवडा गेला.

घरात तेव्हा माझ्या जाऊबाईंची सव्वा वर्षाची मुलगी रांगत होती, आणि माझी खरी चिंता तीच होती. कासवाच्या अंगावर आणि त्याच्या पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असतात. कासवाला त्यांचा त्रास होत नाही. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि आजारी माणसांना जुलाब-ताप होऊन दवाखाना गाठावा लागतो. अमेरिकेत मुले ही इवलीशी पिल्ले तोंडात घालून आजारी पडू लागली, तेव्हा 1975 साली तिथल्या सरकारने चार इंचांपेक्षा लहान कासव विकायलाच बंदी केली. आपल्याकडे अशी मनाई नाही, म्हणून ती घरातच करावी लागते. टबाला हात लावणाऱ्याने साबणाने हात धुवायचे. वजूला बसणार असाल तरी आधी साबण. टब स्वयंपाकघराच्या मोरीत कधीच घासायचा नाही. त्यासाठी लाल बादली आणि वेगळा ब्रश ठेवला आहे, आणि ती बादली दुसऱ्या कशाला वापरली तर माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाने कासवाला हात लावायचा नाही, मग ते कितीही रडो.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता. जिवंत प्राणी असा कोंडून ठेवणे त्यांना पटत नव्हते. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या इमामसाहेबांना मुलांच्या अब्बूंनी विचारले. त्यांनी अबू उमैर या लहान मुलाच्या पाळलेल्या चिमणीएवढ्या पाखराची हदीस सांगितली. प्रेषित (सल्ल.) त्या मुलाकडे येत तेव्हा त्या पाखराची खुशाली विचारत, आणि ते मेले तेव्हा त्याचीही विचारपूस केली. म्हणजे मुलाने पाखरू पाळण्याला हरकत नाही. पण इमामसाहेबांनी लगेच मांजर बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईचीही आठवण करून दिली. सासूबाईंनी दोन्ही ऐकले आणि म्हणाल्या, “मग त्याची खोली मोठी करा.”

तसेही टबाचे दिवस थोडेच होते. हे कासव अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. इंग्रजीत त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. दुकानात ते रुपयाएवढे असते आणि दुकानदार सांगतो की एवढेच राहते. खरे तर मादी फूटभर वाढते आणि नीट ठेवले तर ही कासवे वीस-तीस वर्षे सहज जगतात. मुलीने हे ऐकले आणि बोटांवर हिशेब केला. ती चाळिशीला येईपर्यंत जुम्मन घरात असणार होता. तिला त्याचा आनंद झाला. मला सिमेंटचा भाव आठवला.

याच सुमारास सल्ले सुरू झाले. शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी सुचवले की पाण्याची एवढी कटकट कशाला, पाठीवर चांदण्या असलेले कासव आणा, ते कोरड्यात राहते आणि कोबीच्या पानावर जगते. ते तारांकित कासव खरोखरच देखणे असते, आणि तेच त्याच्या मुळावर आले. आपल्या देशातून ही पिल्ले पिशव्यांत आणि सुटकेसमध्ये भरून परदेशी पाठवली जात. 2018 साली सिंगापूरने अशी 51 कासवे विमानाने कर्नाटकात परत पाठवली, हे वाचले तेव्हा मला त्या कासवांच्या प्रवासाचे फार वाटले. एकदा सुटकेसमध्ये, एकदा पाहुण्यासारखे. 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आहे. आणि आपला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा 2022 मध्ये सुधारला गेला, तेव्हा तारांकित कासव पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. ते घरात ठेवणे गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. ‘आम्ही विकत घेतलेय’ हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरा सल्ला घेऊन एक अनोळखी गृहस्थच घरी आले. त्यांना जुम्मनची नखे मोजायची होती. आपल्या विदर्भात वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो असे सांगणारे भोंदू अजून फिरतात, आणि त्यापायी कितीतरी कासवे आणि कितीतरी घरे बरबाद होतात. मी त्यांना मोजू दिली. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. अठरा. बहुतेक कठीण पाठीच्या कासवांची तीच मोजणी असते. विहिरी-तळ्यातल्या मऊ पाठीच्या कासवाला तर प्रत्येक पायाला तीनच, म्हणजे बारा. ते म्हणाले, “मग उपयोगाचे नाही.” असल्या प्रकारांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे मी त्यांना चहा देताना सांगितले. चहा त्यांनी अर्धा सोडला.

तिसरा सल्ला सगळ्यात गोड होता आणि तो मला बऱ्याच जणांनी, अगदी मनापासून दिला. पैनगंगेत सोडून द्या. मुक्या जिवाला मोकळे केल्याचा सवाब मिळेल. कुणी म्हणाले, लोणारच्या सरोवरात सोडा, तिथे अभयारण्यही आहे. लोणारचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. 2020 साली त्या सरोवराला रामसर स्थळाचा जागतिक दर्जा मिळाला तो त्याच्या अशा वेगळेपणासाठी. तिथे परदेशी कासव सोडणे म्हणजे कासवावरही जुलूम आणि सरोवरावरही. पैनगंगेचे उत्तर मात्र मला शाळेत द्यावे लागले.

जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर सहावीतला एक मुलगा जेवणाच्या डब्यात कासवाचे पिल्लू घेऊन आला. वडिलांच्या सोयाबीनच्या वावरात, नाल्याच्या कडेला सापडले होते. “बाजी, जुम्मन का भाई लाया हूँ,” असे म्हणून त्याने डबा माझ्या टेबलावर ठेवला. पाठ मऊ, चामड्यासारखी, त्यावर पिवळे ठिपके. नाक सोंडेसारखे पुढे आलेले. उलटे करून पाहिले तर मागच्या पायांवर कातडीच्या दोन झडपा. पाय आत घेतले की त्या दारासारख्या मिटत. हे आपले देशी कासव, पुस्तकात त्याला इंडियन फ्लॅपशेल म्हणतात. माझ्या आजोळच्या विहिरीत असे एक होते. पाणी स्वच्छ राहावे म्हणून जुन्या लोकांनी सोडलेले. ते गोगलगायी खाते, मेलेले मासे-बेडूक खाते, आणि उन्हाळ्यात तळे आटले की चिखलात स्वतःला पुरून पावसाची वाट पाहते. हेही पहिल्या अनुसूचीत आहे. घरी नेऊन पाळता येत नाही, विहिरीत टाकायला म्हणूनही नाही.

वर्गाला ते ठेवायचे होते. एव्हाना तीन नावे ठरली होती आणि काचेच्या पेटीची वर्गणीही सुरू झाली होती. मी मराठीचा तास बाजूला ठेवला. मुलांना पाखराच्या पिल्लांची हदीस सांगितली, अबू दाऊदच्या संग्रहातली. प्रवासात काही सोबत्यांनी एका पाखराची दोन पिल्ले उचलली, ती आई वर घिरट्या घालू लागली, आणि प्रेषितांनी (सल्ल.) हे कुणी केले असे विचारून पिल्ले परत ठेवायला लावली. मग वेळासचे सांगितले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावात 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने समुद्री कासवांची अंडी राखली. पिल्ले बाहेर आली की त्यांना वाळूवर सोडतात आणि लाटेपर्यंतचे अंतर ती आपल्या पायांनी चालून जातात. तिथले लोक एकही पिल्लू घरी नेत नाहीत. शाळा सुटल्यावर मी, आमचे एक सर आणि तो मुलगा त्याच वावराच्या नाल्यापाशी गेलो. पिल्लू काठावर ठेवले. ते दोन मिनिटे हललेच नाही. मग एकदम चिखलात शिरले आणि नाहीसे झाले.

परत येताना मुलाने विचारले, “मग जुम्मनला का नाही सोडत, बाजी?”

हा प्रश्न त्याने वर्गात विचारला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. रस्त्यात मला विचार करायला वेळ मिळाला. मी त्याला सांगितले की या नाल्यातले पिल्लू आपल्या घरी परत गेले. जुम्मनचे घर सात समुद्रापलीकडे आहे आणि तिथे त्याला कुणी नेणार नाही. त्याला पैनगंगेत सोडले तर दोनच गोष्टी होऊ शकतात. तो मेला तर आपण त्याला मारले. तो जगला तर तो वाढेल, आपल्या कासवांचे खाणे खाईल, ऊन खायच्या दगडांवरून त्यांना हुसकावेल आणि दुकानातून आणलेले रोग नदीला देईल. युरोपात लोकांनी कंटाळून ही कासवे तळ्यांत सोडली, आणि शेवटी 1997 मध्ये युरोपीय संघाला त्यांची आयातच बंद करावी लागली. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. केरळात त्रिशूरजवळच्या पेची इथल्या वन संशोधन संस्थेने ही कासवे लोकांकडून जमा करून घ्यायचे काम हाती घेतले आहे, इतकी ती तिथल्या पाण्यात शिरली आहेत. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे ते आता तुमच्याच गळ्यात.” मुलांना मराठी शिकवायला नको, येतेच.

त्या पावसाळ्यानंतर हौद बांधला. आकार मुलीने आणि मी मिळून काढला. कासवाच्या कवचाच्या प्रत्येक इंचाला साधारण चाळीस लिटर पाणी हवे असा एक ढोबळ हिशेब आहे. पुढे फूटभर वाढायचे म्हटले तर पावणेपाचशे लिटर. म्हणून पाच फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल, आणि पाणी सव्वा फुटापर्यंत. मिस्त्रींनी विचारले, “वजूसाठी का?” कासवासाठी म्हटल्यावर त्यांनी मजुरी कमी केली नाही, पण कामात जीव ओतला. हौदाच्या काठाला आतल्या बाजूने चार बोटांची कड काढायची कल्पना त्यांचीच. कासव भिंतीला पाय लावून वर येते आणि त्या कडेला डोके आपटून परत फिरते. एका टोकाला खडबडीत उतार केला, वर शहाबादी फरशीचा कोरडा ओटा. ओट्याजवळ सकाळचे ऊन पडते. दुसऱ्या टोकाला हिरव्या जाळीची कायमची सावली. तळाला एक इंची पाइप बसवून त्याचे तोंड लिंबाच्या आळ्यात सोडले.

नव्या सिमेंटचे पाणी खारवते, ते कासवाच्या कातडीला आणि डोळ्यांना बाधते. म्हणून तीन आठवडे हौद भरायचा आणि रिकामा करायचा असे चालले. एकदा त्यात व्हिनेगर घालून घासले. जुम्मन तोवर टबात. लेक रोज विचारायची आणि मी रोज नाही म्हणायचे.

पाण्याचा प्रश्न मला शेवटपर्यंत बोचत राहिला. आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचे दिवस मोजून काढावे लागतात. शेजारी घागरी घेऊन उभे असताना पाचशे लिटर एका कासवासाठी भरणे मला जमणारे नव्हते. हिशेब बसला तो लिंबामुळे. कासवाच्या विष्ठेचे पाणी झाडांना खतासारखे लागते. आता आठवड्याला हौदाचे तिसऱ्या हिश्श्याचे पाणी लिंबू, कढीपत्ता आणि मोगऱ्याला जाते, आणि ही झाडे आम्ही पूर्वी वेगळ्या पाण्याने जगवत होतो. पहिल्या वर्षी लिंबाने जेवढे दिले ते शेजारी वाटूनही उरले. उन्हाळ्यात पाणी फारच तुटले तर हौदात फुटापेक्षा कमी ठेवतो आणि त्यात अझोला सोडतो. ते पाणी झाकते आणि खाल्लेही जाते.

हिवाळा हे दुसरे संकट. आमच्याकडे डिसेंबरात रात्री चांगल्याच गारठतात. मोठे कासव ते सहन करते, खाणे सोडून सुस्त पडून राहते. पिल्लाला ते झेपत नाही. पहिल्या थंडीत टब ओसरीत आणला, विटेच्या वर हातभर अंतरावर शंभराचा बल्ब टांगला आणि पाण्यात काचेचा लहान हीटर ठेवला. पाणी सव्वीस अंशांच्या आसपास राहील असा. वायर पाण्यापासून उंच आणि प्लग मुलांच्या हाताच्या वर. ही दोन वाक्ये कुणी विसरू नये म्हणून मुलांच्या अब्बूंनी ती भिंतीवर उर्दूत लिहून चिकटवली. दुसऱ्या थंडीत जुम्मन हाताच्या तळव्याएवढा झाला होता, तरी रात्री आतच घेतला.

अंगणात उघडे पाणी म्हटले की डास येतात, पण जुम्मनने डासांच्या अळ्या शिल्लक ठेवल्या नाहीत. उलट मोहल्ल्यातली मुले संध्याकाळी हौदाशी येऊन बसतात, आणि त्यांच्या आया मला विचारतात की आम्हीही एखादे आणावे का. मी त्यांना लाल बादली दाखवते. टबाचा, हीटरचा, हौदाचा खर्च सांगते. दुकानातले पिल्लू काही शेचे, बाकीचे सगळे नंतर. बहुतेकींचा उत्साह तिथेच ओसरतो, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. ज्यांच्या घरी आधीच पाठीवर चांदण्यांचे किंवा मऊ पाठीचे कासव आहे, त्यांना वन विभागाचा 1926 हा क्रमांक देते. तो महाराष्ट्रभर चालतो. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचेही आता नियम आहेत, त्याची चौकशी वन कार्यालयात करता येते. एका ताईंनी विहिरीतले कासव बादलीत आणून मलाच दिले होते. ते वनरक्षकांच्या हवाली केले.

मुलगी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जुम्मनचे वजन करते. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो सुरुवातीला दिसतच नव्हता, म्हणून सराफा लाइनमधल्या एका सोनाराने आपल्या काट्यावर तोलून दिला. पहिली नोंद अकरा ग्रॅम. शेजारी तिने लिहिले आहे, ‘एक तोळ्यापेक्षा कमी’. परवाची नोंद दोनशे बारा. पुढच्या पायांची नखे लांब होऊ लागली आहेत, म्हणजे तो नर असावा. सासूबाईंना ते आधीपासून माहीत होते म्हणे.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने एक यादी केली आहे. ती अकरावीला बाहेरगावी गेली तर हौद कोण धुणार, हीटर कोण लावणार, आणि तिचा निकाह झाला तर जुम्मन सासरी जाणार की इथेच राहणार. धाकट्याने पहिल्या दोन कामांवर सही केली आहे, पण मोबदल्यात गिअरची सायकल मागितली आहे. तिसऱ्या मुद्द्यापुढे जागा कोरी आहे. मुलांच्या अब्बूंनी त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘हौद हलवता येत नाही’.